भ्रमणध्वनी आणि ग्रामजीवनातील सामाईक वेळ : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

नागपूर-अमरावती महामार्गावर वसलेले तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील गाव. आर्वीकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो, एस.टी.चे आगारही येथे आहे आणि भोवतालचा शेतकरी कापूस व संत्रा यांवर विसंबून आहे. वाटेवरच्या अशा गावाचे सामाजिक जीवन तीन गोष्टींवर उभे असते : बोलणे, निरोप आणि वाट पाहणे. गाडी कधी लागेल, संत्र्याचा भाव काय निघाला, नागपूरला दवाखान्यात नेलेल्या माणसाचे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे एकेकाळी स्टँडवर, पानठेल्यावर किंवा आल्या-गेल्या माणसाच्या तोंडून मिळत. भ्रमणध्वनीने अर्थात मोबाईलने या तिन्ही गोष्टींचे स्वरूप पालटले. असे परिवर्तन महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक गावाने अनुभवले आहे.

या विषयावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. तथापि त्यातील बहुतांश लेखन 'फायदे' आणि 'तोटे' अशा दोन रकान्यांत विभागलेले दिसते आणि त्याचा शेवट 'अति तेथे माती' या उपदेशात होतो. साधन चांगले की वाईट, हा प्रश्न अशा लेखनात मध्यवर्ती असतो. प्रस्तुत लेखात त्याऐवजी वेगळा प्रश्न विचारला आहे. मोबाईलमुळे बोलण्याची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली? आणि या बदलाला आवर घालण्यासाठी गावे, समाज व शिक्षणसंस्था जे निर्बंध घालतात, त्यांतील कोणते न्याय्य मानावेत? या प्रश्नांच्या अनुषंगाने महाराष्ट्रातील काही प्रत्यक्ष घटनांची चिकित्सा करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

दूरध्वनीकडून भ्रमणध्वनीकडे

भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात झाले. त्यानंतरची काही वर्षे हे साधन श्रीमंतांपुरतेच राहिले, कारण फोन करणाऱ्याप्रमाणे तो घेणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. मे २००३ पासून येणारे कॉल विनामूल्य झाले आणि चित्र बदलले. २००४ मध्ये देशातील मोबाईलधारकांची संख्या तारेच्या दूरध्वनीधारकांपेक्षा अधिक झाली. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेटचे दर कोसळले आणि बोलण्याचे यंत्र हे पाहण्याचे यंत्र बनले.

या कालक्रमामागे एक सामाजिक इतिहास दडलेला आहे. पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी. बूथवरील संभाषण कधीच पूर्णपणे दोघांचे नसे. बाहेर रांगेत उभा असलेला माणूस आणि समोर पळणाऱ्या आकड्यांकडे पाहणारा बूथचालक हे त्या संभाषणाचे मूक भागीदार असत. शेजाऱ्याच्या घरी येणाऱ्या फोनचीही तीच तऱ्हा. 'तुमचा फोन आहे' अशी हाक येई, ओसरीत उभे राहून बोलणे होई आणि रिसीव्हर ठेवताच 'काय म्हणतात?' हा प्रश्न येई. लिहिता-वाचता न येणाऱ्या घरात पत्रसुद्धा पोस्टमन किंवा गुरुजी वाचून दाखवीत. म्हणजेच दूरच्या माणसाचे बोलणे घरापर्यंत पोहोचताना मध्ये तिसरा माणूस असेच.

या तिसऱ्या माणसाविषयी हळवे होण्याचे मात्र कारण नाही. शेजाऱ्याच्या ओसरीचा उंबरठा गावातील प्रत्येकाला सारखाच खुला नव्हता. ज्याच्या घरी फोन असे त्याची जात, पत आणि मर्जी या तिन्हींवर दुसऱ्याचा निरोप अवलंबून राही. सासरी आलेल्या माहेरच्या फोनवर सुनेला मोकळेपणाने दोन वाक्ये बोलता येत नसत, कारण दिवाणखान्यातील त्या फोनभोवती सारे घर बसलेले असे. त्या काळातील सामाईकतेत आधार होता, तसा पहाराही होता.

मधल्या काळातील 'मिसकॉल' हा या स्थित्यंतराचा बोलका नमुना म्हणावा लागेल. एक वाजवणी म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे घ्यायला या, असे संकेत घरोघरी ठरलेले असत. पैसे न खर्चता अर्थ पोहोचविणारी ही भाषा लोकांनी स्वतः घडविली होती. कोणत्याही कंपनीने ती शिकविली नव्हती. कॉल स्वस्त होताच ही भाषा लोप पावली.

मोबाईलने काय दिले

मोबाईलच्या चिकित्सेत त्याचे देणे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. केंद्र शासनाने २००४ मध्ये किसान कॉल सेंटर सुरू केले आणि शेतकऱ्याला कृषितज्ज्ञाशी आपल्या भाषेत बोलण्याची सोय झाली. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. रात्री शेतात साप चावलेल्या माणसासाठी खिशातील मोबाईल आणि हा क्रमांक यांचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मोबाईल सेवा आल्यानंतर निरनिराळ्या बाजारांतील मासळीच्या भावातील तफावत घटली आणि वाया जाणारी मासळी जवळजवळ थांबली, असे त्यातून दिसून आले. संत्र्याचा बगिचा व्यापाऱ्याला देण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणचे भाव विचारू शकणाऱ्या विदर्भातील शेतकऱ्याला या निष्कर्षाचा अर्थ सहज कळेल.

सर्वांत मोठे देणे मात्र स्त्रियांच्या बाबतीत आहे आणि तेथेच ते अपुरेही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरावयाचा मोबाईल होता. उरलेल्या स्त्रियांच्या घरी मोबाईल असला तरी तो नवऱ्याचा, मुलाचा किंवा सासऱ्याचा असतो. 'मोबाईलचा अतिरेक' या विषयावर चर्चा करताना निम्म्याच्या आसपास स्त्रिया अद्याप 'मोबाईलच्या अभावा'त आहेत, ही वस्तुस्थिती दृष्टिआड होता कामा नये.

मोबाईलने काय हिरावले

'माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली' हे विधान वारंवार केले जाते, पण ते तपासून पाहिले तर टिकत नाही. माणसे पूर्वीपेक्षा अधिक बोलतात. मुंबई-पुण्याला नोकरीस असलेल्या मुलाशी आई रोज बोलते. पूर्वी तिला महिन्यातून एकदा पत्र येई. हिरावली गेली ती बोलण्यातील सामाईकता. दिवाणखान्यातील फोन घराचा होता, खिशातील फोन व्यक्तीचा आहे. एका खोलीत चार माणसे चार निरनिराळ्या ठिकाणी उपस्थित असतात आणि एकमेकांच्या बाबतीत गैरहजर असतात. अमेरिकन अभ्यासक शेरी टर्कल यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात 'एकत्र असूनही एकटे' अशा आशयाची जी स्थिती वर्णिली, ती आता महानगरापुरती उरलेली नाही.

या बदलाची दुसरी बाजू वाट पाहण्याशी निगडित आहे. पूर्वी उत्तर न येणे हा अंतराचा स्वाभाविक भाग होता. आता तो अपमान ठरतो. 'फोन का उचलला नाही?' हा प्रश्न मैत्रीत, संसारात आणि कार्यालयात सारख्याच अधिकाराने विचारला जातो. संदेश वाचल्याची खूण दिसत असल्याने मौनालाही आता खुलासा द्यावा लागतो.

तिसरी बाजू विधींची आहे. लग्नाच्या निमंत्रणासाठी अक्षता घेऊन दारी येणारे माणूस चहापुरते तरी बसत असे आणि त्या बैठकीत जुना अबोला कधी कधी मिटे. निमंत्रणपत्रिकेचे चित्र सर्वांना एकाच क्षणी पोहोचते, पण ते कोणाच्याही घरी बसत नाही. मृत्यूच्या बातमीखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असे लिहिणाऱ्यांत घरी जाऊन भेटणारे असतात, तसेच लिहिल्याने कर्तव्य संपले असे मानणारेही असतात.

चौथी बाजू सर्वाधिक गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांची जमावाने हत्या केली. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरले होते. त्याच महिन्यात संबंधित कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. अफवा पूर्वीही होत्या. परंतु पारावरच्या अफवेला तोंड असे आणि 'तुला कोणी सांगितले?' असे विचारता येत असे. पुढे पाठविलेल्या संदेशाला वक्ता नसतो. ज्याच्याकडून तो येतो तो केवळ वाहक असल्याने त्याच्यावर जबाबदारीही येत नाही. शतकानुशतके गावोगावी फिरणारा, दारात ओळखला जाणारा भिक्षेकरी या वक्ताहीन शब्दापुढे अनोळखी ठरला. गावाला माणूस ओळखण्यासाठी जो सामाईक अवधी लागतो, तोच येथे नाहीसा झाला होता.

निर्बंधांचे तीन प्रकार

या पार्श्वभूमीवर निर्बंधांचा विचार करावा लागतो. कोरोनाकाळात शाळा बंद झाल्या आणि ज्या शाळा मोबाईलला मज्जाव करीत होत्या त्यांनीच तो मुलांच्या हाती देण्यास सांगितले. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणानुसार शिकणारी मुले असलेल्या ग्रामीण भारतातील घरांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. शाळा पुन्हा उघडल्या, परंतु हातातील मोबाईल तसाच राहिला. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील दोन गावांनी यावर उपाय योजले.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा होताच घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाईल बंद करावयाचे, मुलांनी अभ्यास व मोठ्यांनी वाचन किंवा आपसांत बोलणे करावयाचे आणि साडेआठला दुसरा भोंगा झाल्यावर ते पुन्हा सुरू करावयाचे, असा हा नियम. त्याचा निर्णय स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला महिलांच्या ग्रामसभेत झाला. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायत कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन तो समजावून दिला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी येथील ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुला-मुलींना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव संमत केला. उल्लंघन झाल्यास दंडाची तरतूदही त्यात होती.

तिसरे उदाहरण महाविद्यालयीन शिक्षकांच्या अधिक जवळचे आहे. केरळमधील एका अनुदानित महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत मोबाईल वापरण्यास मनाई होती. ही मनाई न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढण्यात आले. 'फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य' या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला आणि इंटरनेटची उपलब्धता ही शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले.

वडगावातील दीड तास आणि वसतिगृहातील चार तास या दोन्ही वेळा सायंकाळच्याच. दोन्हींचा घोषित हेतू अभ्यास हाच. मग एका नियमाचे कौतुक होते आणि दुसरा न्यायालयात टिकत नाही, असे का व्हावे? वेळेच्या लांबीने या भेदाचा उलगडा होत नाही. वडगावचा नियम करणाऱ्यांनाही तो लागू होता : मूल पुस्तक उघडते तेव्हा आईची मालिका बंद असते आणि वडिलांचा मोबाईलही. वसतिगृहातील नियम करणारे त्या नियमाच्या बाहेर उभे होते. बान्सीच्या ठरावामागील काळजी खरी असली तरी त्याची रचना वसतिगृहाच्या नियमाला अधिक जवळची आहे, कारण ठराव करणारे प्रौढ आणि बंदी केवळ अठरा वर्षांखालच्यांना. मूल मोबाईलचे वेड मोठ्यांच्या हाताकडे पाहून शिकते, हे सत्य अशा ठरावातून निसटते.

या प्रकारच्या बंदीचे टोकाचे रूप गुजरातेत दिसले. मेहसाणा जिल्ह्यातील सूरज गावाने २०१६ मध्ये आणि बनासकांठा जिल्ह्यातील दांतीवाडा तालुक्यातील ठाकोर समाजाच्या बैठकीने २०१९ मध्ये अविवाहित मुलींच्या मोबाईल वापरावर बंदी जाहीर केली. येथे अभ्यास हे निमित्त उरते आणि मुलीने कोणाशी बोलावे हा प्रश्न उघडपणे पुढे येतो. पूर्वीच्या ओसरीतील पहारा या ठरावांतून परत बोलाविला जातो. म्हणूनच 'सामाईकता परत आणा' असे म्हणताना 'पहारा परत आणा' असे तर आपण म्हणत नाही ना, याची दक्षता घ्यावी लागते.

वडगावचा प्रयोगही प्रश्नातीत नाही. सात ते साडेआठ ही स्वयंपाकाची वेळ. घरातील बाईचा विरंगुळा असलेली मालिका बंद होते, पण तिची चूल बंद होत नाही. निर्णय महिलांच्याच सभेत झाला ही त्याची जमेची बाजू आहे. तरीही त्या दीड तासात घरातील पुरुष मुलांच्या अभ्यासाजवळ बसतो का, यावरच त्या नियमाची खरी कसोटी लागते.

वर्धा परिसरातील दोन दाखले

स्वतःवर घातलेली मर्यादा आणि इतरांवर लादलेली बंदी यांतील भेद समजण्यासाठी वर्धा व लगतच्या परिसराला दूर जाण्याची आवश्यकता नाही. सेवाग्राम आश्रमात ब्रिटिश राजवटीने गांधीजींशी थेट संपर्क साधता यावा म्हणून बसविलेला दूरध्वनी जतन करण्यात आला आहे. साऱ्या देशाचे राजकारण ज्या झोपडीपर्यंत तारेने जोडले होते, त्या झोपडीतील माणूस दर सोमवारी मौन पाळीत असे. साधनाला त्याने घराबाहेर काढले नाही. त्याने आपल्या वाणीला आठवड्यातील एक दिवस दिला. शिवाय त्या दिवशी तो कागदाच्या चिठ्ठीवर उत्तर देत असे, म्हणजे संपर्क तुटत नव्हता, त्याची गती तेवढी मंदावत होती. ही मर्यादा त्याची स्वतःची होती.

दुसरा दाखला सामूहिक आहे. तळेगावहून अमरावतीच्या दिशेने जाताना याच महामार्गावर गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) तेथे आश्रम स्थापन केला आणि सामुदायिक प्रार्थनेचा प्रघात विदर्भातील गावागावांत रुजविला. त्या प्रार्थनेचा धार्मिक आशय क्षणभर बाजूला ठेवला तरी तिची सामाजिक रचना लक्षणीय आहे. ठरलेली सायंकाळची वेळ, एकत्र बसणे आणि लहानथोर सर्वांना एकच शिस्त. सांगलीच्या भोंग्याने २०२२ मध्ये जे साधण्याचा प्रयत्न केला त्याची रूपरेषा विदर्भाला कित्येक दशके परिचित आहे. ग्रामसभेला नव्याने काही शोधावयाचे असेल तर ते आशयाचे आहे : सर्व धर्मांच्या, जातींच्या व विचारांच्या माणसांना सामावून घेणारी, वाचनाची, गप्पांची किंवा नुसत्या शांततेची वेळ.

महाविद्यालयाच्या संदर्भात

महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावर 'परिसरात मोबाईल वापरण्यास सक्त मनाई' अशी पाटी असते आणि त्याच महाविद्यालयाची परीक्षेची सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येते. वर्गात विद्यार्थ्याचा मोबाईल जप्त होतो आणि प्राध्यापकाचा टेबलावर वाजत राहतो. रात्री उशिरा आलेल्या कार्यालयीन संदेशाला उत्तर न देणारा अध्यापक उदासीन ठरविला जातो. या विसंगती विद्यार्थी रोज पाहतात आणि त्यांतून ते एकच गोष्ट शिकतात : मोबाईलचा नियम म्हणजे अधिकाराचा नियम. तेव्हा तासाच्या वेळेत अध्यापकानेही आपला मोबाईल विद्यार्थ्यांच्या मोबाईलशेजारी ठेवणे आणि ठराविक वेळेनंतर कार्यालयीन संदेश न पाठविणे, हे दोन साधे उपाय कोणत्याही पाटीपेक्षा अधिक परिणामकारक ठरू शकतील.

निष्कर्ष

१) मोबाईलने संवाद कमी केलेला नाही. त्याने संवादाची मालकी घर व गाव यांच्याकडून व्यक्तीकडे सोपविली आहे.

२) या हस्तांतरणात स्त्रिया, दलित व तरुण यांना मिळालेला खासगीपणा हे खरे मोल आहे. सामाईकतेच्या नावाखाली ते परत घेता येणार नाही.

३) मोजण्यासारखी हानी झाली आहे ती सामाईक वेळेची. ओळख, चौकशी आणि खातरजमा या क्रियांना लागणारा अवधी नाहीसा झाला की काय होते, हे राईनपाड्याने दाखविले आहे.

४) मोबाईलवरील कोणत्याही निर्बंधाचे मूल्यमापन एका प्रश्नाने करता येईल : नियम करणारा स्वतः त्या नियमाखाली आहे काय? असल्यास तो संकल्प ठरतो, नसल्यास ती केवळ बंदी ठरते.

५) सामाईक वेळ ठरविताना तिचा भार घरातील स्त्रीवर पडणार नाही, याचा विचार ठरावातच होणे आवश्यक आहे.

ग्रामसभेत असा ठराव मांडला जाईल तेव्हा तो वाचून दाखविणाऱ्याने आपला मोबाईल प्रथम बंद करून सर्वांसमोर ठेवावा. त्यानंतर त्याला फारसे बोलावे लागणार नाही.